३८ नंबर म्हणजे नेमके किती?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशात असलेल्या मुलाकडून बूट मागवायचे असोत की मोबाइलवरून ड्रेस, घरात कुणीतरी लगेच 'साइज कन्व्हर्जन'चा तक्ता पुढे करतो. सणासुदीला वर्तमानपत्रांच्या पुरवण्याही असा तक्ता छापतात. हे तक्ते सहसा चुकीचे नसतात, अर्धवट असतात. समोरासमोर मांडलेले आकडे कशाचे माप आहेत, हे ते सांगत नाहीत. गोंधळ नेमका तिथेच होतो, म्हणून हे पत्र.

३८ हा एकच आकडा घ्या. बुटावर ईयू ३८ लिहिले असेल तर तो साधारण यूके ५ नंबर. पुरुषांच्या फॉर्मल शर्टाच्या कॉलरमागे ३८ असेल तर ते कॉलरचे सेंटिमीटर, म्हणजे १५ इंच. कुडत्यावर किंवा कोटावर ३८ असेल तर छातीचे इंच. आपल्याकडच्या कुर्तीवर ३८ म्हणजे बहुधा एम साइज, आणि ते ३८ इंच अंगाचे नसून कुर्तीचे असतात. घालणारीची छाती ३६ धरलेली असते. जर्मन ड्रेसवरचे ३८ म्हणजे ८८ सेंटिमीटर छाती, फ्रेंच ड्रेसवरचे ८४ आणि इटालियन ड्रेसवरचे ७६. तिघांच्याही लेबलवर आकडा तोच, आणि बरेच विक्रेते तिघांनाही बिनदिक्कत 'ईयू ३८' म्हणतात.

या युरोपीय आकड्यांमागचे गणित एकदा कळले की तक्ता पाठ करावा लागत नाही. बायकांच्या कपड्यांत छातीच्या घेराचे सेंटिमीटर निम्मे करायचे. इटलीत तोच नंबर. फ्रान्समध्ये त्यातून ४ वजा, जर्मनीत ६ वजा. ८८चे निम्मे ४४. म्हणून इटालियन ४४, फ्रेंच ४० आणि जर्मन ३८ हा एकाच मापाचा ड्रेस. ब्रिटनमध्ये याला ढोबळमानाने १२ म्हणतात, अमेरिकेत ८. ब्रिटिश नंबरातून ४ वजा केले की अमेरिकन नंबर येतो. एखाद्या तक्त्यात यूके १२ समोर ईयू ३८ दिसते आणि दुसऱ्यात ईयू ४०, त्याचे कारण हेच. एकाने जर्मन आकडा धरला, दुसऱ्याने फ्रेंच. दोघेही आपापल्या जागी बरोबर, पण गिऱ्हाइकाच्या अंगावर त्यातला एकच बसणार.

पुरुषांच्या कोटाचे त्या मानाने सोपे आहे. इंग्लंड-अमेरिकेत छातीचे इंच, युरोपात छातीच्या सेंटिमीटरचे निम्मे. ४० इंच म्हणजे १०१.६ सेंटिमीटर, निम्मे पन्नासच्या आसपास. म्हणून इंचांत १० मिळवले की युरोपीय नंबर. ३८चा कोट ४८, ४२चा ५२.

अमेरिकन बायकांच्या नंबरांवर मात्र फार विसंबू नये. तिथे १९५८ साली सरकारी मापपत्रक निघाले. त्यात ८ नंबरची कंबर साडेतेवीस इंच होती. गिऱ्हाइकाला लहान नंबर घालायला आवडतो, म्हणून कंपन्या दर काही वर्षांनी तोच आकडा मोठ्या कपड्यावर चिकटवत गेल्या. ते मापपत्रक १९८३ साली मागेच घेण्यात आले. आजचा ८ नंबर तेव्हाच्या ८ पेक्षा कमरेत पाच-सहा इंचांनी मोठा आहे. पुरुषांच्या जीन्सवर तर चक्क इंच छापलेले असतात, तरी ३२ लिहिलेल्या जीन्सला टेप लावला की अनेकदा ३३-३४ भरतात. इंच तरी खरे बोलतील असे वाटते, पण लेबलवर गेले की तेही खुशामत करतात.

जीन्सच्या लेबलावरचे दुसरे अक्षर आपल्याकडे हमखास फसवते. 'डब्ल्यू ३२ एल ३०' यातला एल हा आतल्या शिवणीचा, म्हणजे जांघेपासून खालपर्यंतचा. आपले दर्जी पँटची उंची कमरेपासून घोट्यापर्यंत बाहेरून घेतात, ती ४० भरते. शिंप्याच्या वहीतला हा ४० जसाच्या तसा पाठवला की पायात घोळणारी पँट येते. घरातल्या नीट बसणाऱ्या पँटची आतली शिवण टेपने मोजा, तोच एल.

शर्टाचा घोळ वर आलाच आहे. थोडा विस्तार करतो, कारण तो रोजचा आहे. फॉर्मल शर्टावरचे ३८, ३९, ४०, ४२, ४४ हे कॉलरचे सेंटिमीटर. साडेपंधरा इंच म्हणजे ३९, साडेसोळा म्हणजे ४२. कुडत्यावरचे ३८, ४०, ४२, ४४ हे छातीचे इंच. आकडे एकमेकांत इतके मिसळलेले आहेत की एकाच माणसाला शर्ट ४२ आणि कुडता ४२ दोन्ही बसूही शकतात. तो योगायोग असतो, पण त्याला नियम समजून बारीक मानेच्या, रुंद छातीच्या माणसाला शर्ट घेतला की तो काखेत काचतो. कॉलर मोजताना टेप गळ्याच्या तळाशी फिरवावा आणि आत एक बोट राहू द्यावे.

ऑनलाइन कपड्यांत आणखी एक नोंद महत्त्वाची. चीनमधून येणाऱ्या मालावर वरून एल किंवा एक्सएलचा स्टिकर असतो, पण आत शिवलेल्या पट्टीवर १७५/९६ए असे काहीतरी लिहिलेले असते. तिकडे दुर्लक्ष करू नका. उंची १७५ सेंटिमीटर, छाती ९६, आणि ए हा बांधा. पुरुषांत छाती आणि कंबर यांत १२ ते १६ सेंटिमीटर फरक असेल तर ए, ७ ते ११ असेल तर बी, २ ते ६ असेल तर सी, आणि १७ ते २२ असेल तर वाय. चाळिशीपुढचे आपल्यातले बरेच पुरुष बी-सीत मोडतात आणि ए मागवतात. मग छातीला बसते, पोटावरचे बटण लागत नाही. माझ्या मते जगातले सगळ्यात प्रामाणिक लेबल हेच, कारण त्यावर कपड्याचे नव्हे, अंगाचे माप असते.

अंगाचे माप आणि कपड्याचे माप यांत जो फरक ठेवतात त्याला आपण 'लूज' म्हणतो. शर्टाला छातीत सुमारे ४ इंच, अंगासरशी कुर्तीला २ इंच, ताणणाऱ्या टी-शर्टला जवळजवळ शून्य. साइटवरच्या तक्त्यात 'चेस्ट ४०' एवढेच असेल तर तो अंगाचा आकडा आहे की शर्टाचा, हे त्यातून कळत नाही. 'टू फिट चेस्ट' असेल तर अंगाचा, 'गारमेंट' असा शब्द असेल तर कपड्याचा. काहीच लिहिलेले नसेल तर घरातला नीट बसणारा कपडा पलंगावर सपाट पसरा, काखेच्या शिवणीखाली एक इंचावर या बाजूपासून त्या बाजूपर्यंत मोजा, दुप्पट करा, आणि तो आकडा विक्रेत्याला विचारा. शुद्ध सुती असेल तर पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटते, हेही धरा. ३८ इंचांतले ५ टक्के म्हणजे जवळपास २ इंच, एक अख्खी साइज. दोन साइजच्या मध्ये माप आले तर मोठी घ्यावी. आपला दर्जी शिवताना आत माया ठेवतो, ती रेडीमेडमध्ये नसते. सैल कपडा आत घेता येतो, घट्ट कपडा उसवून वाढवता येत नाही.

अंतर्वस्त्रांबद्दल दोनच वाक्ये, कारण लाजेपोटी कुणी विचारत नाही आणि पैसे वाया जातात. इथला आणि ब्रिटनमधला ३४चा पट्टा युरोपात ७५ आणि फ्रान्स-स्पेनमध्ये ९० असतो, आणि कपचे अक्षर डीपर्यंतच सगळीकडे सारखे चालते. त्यापुढे ब्रिटनमध्ये डीडी येतो, त्यालाच युरोपात ई म्हणतात.

आता बूट. परत पाठवायच्या पार्सलांत यांचा भरणा मोठा, आणि इथे अर्धा सेंटिमीटरही जाणवतो.

आपण वापरतो तो नंबर ब्रिटिश. त्याचे एकक जवाचा दाणा, म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, ८.४७ मिलिमीटर. आपल्याकडेही आठ यवांचे एक अंगुळ होतेच, फक्त ते दाणे आडवे मांडायचे आणि इंग्रजांचे तीन दाणे उभे. मुलांच्या बुटांचा शून्य नंबर चार इंचांवर. तिथून १३ पर्यंत मोजत जायचे आणि मग पुन्हा १ पासून सुरुवात. मोठ्यांचे सूत्र असे: फर्म्याची लांबी इंचांत घ्या, तिप्पट करा, २५ वजा करा. ८ नंबरचा फर्मा बरोबर ११ इंच येतो. फर्मा म्हणजे ज्यावर बूट ओढतात तो साचा. तो पायापेक्षा दीड-दोन सेंटिमीटरने लांब असतो, कारण चालताना पाय पुढे सरकतो आणि बोटांना जागा लागते.

युरोपीय नंबरही फर्म्याचाच, पण त्याचे एकक सेंटिमीटरचे दोन तृतीयांश, ६.६७ मिलिमीटर. म्हणून फर्म्याच्या सेंटिमीटरची दीडपट. ११ इंच म्हणजे २७.९४ सेंटिमीटर, दीडपट ४१.९, म्हणून यूके ८ समोर ४२. इथवर छान जुळते. पण एक ब्रिटिश नंबर म्हणजे सव्वा युरोपीय नंबर, त्यामुळे पुढे-मागे सरकले की पूर्णांक हुकतात. यूके ७ चे गणित ४०.६ येते, ९ चे ४३.२, १० चे ४४.४. कुणी ४० लिहितो, कुणी ४१, कुणी ४० पूर्णांक दोन तृतीयांश. तीनही तक्ते एकाच गणितातून निघालेले असतात, गोलाई मात्र ज्याची त्याची.

अमेरिकेत शून्य नंबर चार इंचांच्या किंचित आधीच सुरू होतो, म्हणून पुरुषांचा नंबर ब्रिटिश नंबरापेक्षा अर्ध्याने किंवा एकाने मोठा. अर्धा की एक, हे कंपनीवर. दोन नामांकित स्पोर्ट्स ब्रँडचे तक्ते शेजारी ठेवले तर एकात यूके ८ समोर यूएस साडेआठ, ईयू ४२ आणि साडेसव्वीस सेंटिमीटर दिसेल. दुसऱ्यात यूके ८ समोर यूएस ९, ईयू साडेबेचाळीस आणि सत्तावीस. म्हणजे एका ब्रँडचा यूएस ९ बसतो म्हणून दुसऱ्याचाही ९ मागवणे हाच जुगार. अमेरिकेत बायकांचा नंबर आणखी वेगळा, त्याच लांबीच्या पुरुषी नंबरापेक्षा एक-दीडने मोठा. 'यूएस ८' एवढेच लिहून पाठवले तर समोरच्याने कुणाचा धरायचा?

लहान मुलांत याहून गमतीचा घोटाळा होतो. १३ नंतर १ येतो, आणि अमेरिकन आकडा आपल्यापेक्षा थोडा पुढे असतो. त्यामुळे अमेरिकेतला मुलांचा १ आणि इथला मुलांचा १३ जवळपास एकाच लांबीचे. आजी '१३ नंबर' सांगते, तिकडे मोठ्या माणसांचे १३ शोधले जातात. मुलांचा नंबर कळवताना वय आणि सेंटिमीटर दोन्ही कळवावेत.

म्हणून नंबरावरून नंबर काढूच नये. पाय मोजावा. ते असे: संध्याकाळी मोजा, सकाळपेक्षा पाय थोडा सुजलेला असतो. जे मोजे वापरणार तेच घाला. कागद भिंतीला चिकटवून जमिनीवर ठेवा, टाच भिंतीला टेकवून दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. खुर्चीवर बसून मोजलेला पाय आखूड भरतो. सगळ्यांत पुढे असलेल्या बोटासमोर खूण करा. अंगठाच पुढे असतो असे नाही, बऱ्याच जणांचे दुसरे बोट लांब असते. पेन्सिल अगदी उभी धरा. ती आत कलली तर पाच मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या नंबराहून जास्त, तिथेच जातात. दोन्ही पाय मोजा आणि मोठा आकडा घ्या. मोजणारा दुसरा माणूस हवा, स्वतः वाकून खूण केली की टाच भिंतीपासून सुटते.

समजा पाय २५.६ सेंटिमीटर आला. त्यात दीड मिळवले, २७.१. दीडपट केली, ४०.६, म्हणजे ईयू ४० पूर्णांक दोन तृतीयांश किंवा ४१. इंचांत १०.६७, तिप्पट ३२, वजा २५, म्हणजे यूके ७. जपानी लेबलावर साडेपंचवीस शोधा, कोरियन किंवा चिनी लेबलावर २५५. तिथे फर्मा नसून थेट पायाची लांबी असते, म्हणून दीड मिळवायचे नाहीत. मुलाचा पाय १७ सेंटिमीटर असेल तर सव्वा सेंटिमीटर मिळवा, इंच करा, ४ वजा करून तिप्पट करा. साडेनऊच्या आसपास येईल.

कंपनीच्या तक्त्यात सेंटिमीटरचा रकाना असला तरी तोही डोळे झाकून घेऊ नये. यूके ८ समोर साडेसव्वीस-सत्तावीस असेल तर ती पायाची लांबी. अठ्ठावीस असेल तर फर्म्याची. एकोणतीस-तीस दिसले तर कुणीतरी तळवा बाहेरून मोजून टाकला आहे. एवढी एक ओळ पाहिली तरी तक्ता ओळखता येतो.

लांबी जमली तरी बूट चावतो, तेव्हा दोष रुंदीचा असतो. चवड्याचा घेर टेपने मोजावा. रुंदीची अक्षरेही देशागणिक बदलतात. अमेरिकेत पुरुषांचा डी म्हणजे साधा, टूई रुंद, फोरई फार रुंद. बायकांत साधा बी. ब्रिटनमध्ये ई, एफ, जी अशी चढती भाजणी, दर अक्षरामागे चवड्याच्या घेरात पाव इंच. अमेरिकन टूई आणि ब्रिटिश ई यांचा काही संबंध नाही. रुंद पायाची माणसे एक नंबर मोठा घेऊन भागवतात, पण मग बूट ज्या जागी वाकायला हवा तिथे वाकत नाही आणि टाच निसटते. कोल्हापुरीसारख्या उघड्या चपलेला वरचा दीड सेंटिमीटरचा हिशेब लागू नाही. तिथे टाचेमागे आणि अंगठ्यापुढे चार-पाच मिलिमीटर कातडे दिसले की पुरे, आणि पट्टा सुरुवातीला घट्टच हवा, कातडे वापराने सैलावते.

रुंदीचा हा प्रश्न आता सरकारदरबारीही पोहोचला आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी लाखाहून अधिक लोकांचे पाय थ्रीडी स्कॅनरने मोजले. आपले पाय ब्रिटिश-अमेरिकन फर्म्यांपेक्षा रुंद, असे त्यातून निघाले, आणि 'भा' नावाची आठ गटांची भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली. कपड्यांसाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचा 'इंडियासाइझ' प्रकल्प आहे. त्यात मुंबईसह सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५ हजार जणांची मापे घ्यायची होती. दोन्ही कामे मोलाची. पण फर्मे बदलले आणि खोक्यावर पायाचे मिलिमीटर छापले नाहीत, तर यूके, यूएस, ईयूच्या शेजारी 'भा' हा चौथा रकाना तेवढा वाढेल.

कायदाही फार दूर नाही. २०२२मध्ये केंद्राने पॅकबंद वस्तूंच्या वैधमापन नियमांत दुरुस्ती केली आणि सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांना बऱ्याच छपाईतून सूट दिली. तरीही एस-एम-एल या खुणेबरोबर सेंटिमीटर किंवा मीटरमध्ये माप देणे ठेवले. दुकानात लेबल उलटून पाहा, सेंटिमीटर असतात. ते अंगाचे की कपड्याचे, हे बहुतेक लेबलांवर नसते. 'अंगाची छाती' किंवा 'कपड्याची छाती' एवढे दोन शब्द सक्तीचे झाले तर निम्मी पार्सले परत जायची थांबतील असे मला वाटते. बुटांच्या खोक्यावर तसेच 'पायाची लांबी' हे शब्द आणि मिलिमीटर हवेत. ग्राहक पंचायतींनी हा विषय लावून धरावा.

आपल्याकडे एक विनंती. पुरवणीत पुन्हा तक्ता छापाल तेव्हा पहिला रकाना सेंटिमीटरचा ठेवा, आणि 'ईयू'ऐवजी जर्मन, फ्रेंच, इटालियन असे तीन वेगळे रकाने द्या. पाय मोजायची पट्टी छापणार असाल तर तिच्या कडेला एटीएम कार्डाच्या आकाराची चौकटही छापा. कार्डाची लांबी जगभर ८५.६ मिलिमीटर असते. संगणकावरून पान छापताना ते 'फिट टू पेज'मुळे तीन-चार टक्क्यांनी आकसते, आणि २६ सेंटिमीटरच्या पट्टीत तेवढ्याने एक नंबर इकडचा तिकडे होतो. वाचकाने आपले कार्ड चौकटीवर ठेवून पाहावे. कडा जुळल्या तरच त्या पट्टीवर पाय ठेवावा.

आपला,
पादत्राणे आणि तयार कपड्यांच्या व्यवसायातील एक वाचक,
पुणे